वीसच्या रेघेपर्यंत : घरच्या शुश्रूषेतलं एक प्रकरण

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं. रुग्ण जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, वय ७६, सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी त्यांना ठरलेल्या मात्रेच्या अडीच पट इन्सुलिन गेलं. ते वाचले. ज्या बदली आलेल्या ताईंनी ते टोचलं, त्यांना घरी शुश्रूषेला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोने दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं आणि घर, ब्युरो, गल्ली या सगळ्यांच्या लेखी विषय संपला. मला हे पटत नाही. त्या ताईंना जे सांगितलं होतं, ते त्यांनी तंतोतंत केलं. चूक त्यांच्या हातात सुई येण्याआधीच होऊन बसली होती, आणि तीही एका ठिकाणी नव्हे.

गुरुजी रुग्णालयातून घरी आल्यावर पुढच्या शुश्रूषेसाठी मी तिथे जाऊ लागले. मुलाच्या सांगण्यावरून झाल्या गोष्टीचा आढावा लिहून काढला, तो हा. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत, काही तपशीलही बदलले आहेत.

घर आणि घरातली माणसं

माळवदाचा जुना वाडा. गुरुजींचा पलंग पुढच्या बैठकीत, स्वयंपाकघर दोन उंबरे ओलांडून आत. घरात गुरुजी आणि काकू दोघंच. मुलगा पुण्यात, मुलगी नांदेडला. मधुमेह वीस वर्षांचा. पावसाळ्याच्या तोंडावर पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं आणि गिळताना ठसका लागू लागला. लातूरच्या एका खासगी रुग्णालयातून सोडताना जे कार्ड मिळालं, त्यावर इन्सुलिनपुढे इंग्रजीत एवढंच होतं: ३०/७०, २०–०–१२. म्हणजे तीस टक्के लवकर काम करणारं आणि सत्तर टक्के सावकाश चढणारं असं मिश्र इन्सुलिन, सकाळी वीस युनिट, रात्री बारा. कोणत्या तीव्रतेचं, कोणत्या सुईने, जेवणाच्या किती आधी, यातलं काही नाही. गिळण्याबद्दल दोन शब्द, ‘मऊ आहार’.

मुलाने लातूरच्या एका ब्युरोकडून ‘चोवीस तासांची मावशी’ ठरवली. महिन्याला १८ हजार. त्यातले १२ मावशींच्या हातात पडत, हे घरच्यांना बऱ्याच उशिरा कळलं. मावशी आधी एका दवाखान्यात आया होत्या. इंजेक्शन देणं त्या तिथे बघून बघून शिकलेल्या. हात हलका, बोलणं गोड, गुरुजींना त्यांची सवय झाली होती. ब्युरोने ‘ट्रेंड नर्स’ म्हटलं होतं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक कुणी विचारला नाही. विचारला असता तर तो नाही हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. आणि एकदा ते कळलं की प्रश्न वेगळा होतो. इंजेक्शन घरातलं माणूसही देऊ शकतं, रोज लाखो घरांत देतं. पण मग त्याला ते कुणीतरी समोर बसवून शिकवावं लागतं. इथे ‘नर्स’ आहे म्हणून कुणी कुणाला शिकवलं नाही.

घराची आणखी एक रीत सांगणं भाग आहे. मावशींचा चहाचा कप वेगळा होता आणि स्वयंपाकघरात त्यांना मज्जाव होता. काकूंना यात काही वावगं वाटत नव्हतं, ‘आमच्यात तसंच आहे’ म्हणाल्या. माणुसकीच्या नात्याने यावर जे म्हणायचं ते आहेच. पण शुश्रूषेच्या सुरक्षिततेच्या नजरेने पाहिलं तरी ही रीत धोक्याची होती: फ्रीज स्वयंपाकघरात, इन्सुलिन फ्रीजमध्ये, नाश्ता स्वयंपाकघरातून येणार, हात धुवायला साबणाचं पाणी आतल्या मोरीत. रुग्णाला सांभाळणारी बाई यातल्या कशालाही स्वतः हात लावू शकत नव्हती. बाटली काढून देणार काकू, टोचणार मावशी. औषधाचं खोकं फोडणारे हात एक आणि ते भरणारे हात दुसरे.

त्या दोन दिवसांत

महालक्ष्म्यांसाठी मावशी तीन दिवस आपल्या गावी गेल्या, त्यांच्याही घरी महालक्ष्म्या बसतात. ब्युरोने बदली म्हणून चोविशीतल्या एक ताई पाठवल्या. त्या पोहोचेपर्यंत मावशी एसटीत बसलेल्या होत्या. दोघींची गाठ पडली नाही. हस्तांतर झालं ते फोनवर, खडखडणाऱ्या गाडीतून: ‘लाल टोपणाची सुई घे, वीसच्या रेघेपर्यंत भर, पोटाला दे. रात्री बाराच्या.’

आदल्या रात्री इन्सुलिनची बाटली संपली. पुतण्या मोटारसायकलवर औषधाच्या दुकानात गेला. बाटली शिल्लक नव्हती. दुकानदाराने पेनात घालायची काचेची नळी, म्हणजे कार्ट्रिज, दिली आणि सांगितलं, तेच औषध, तीच कंपनी. खोटं काहीच नव्हतं त्यात. दोन्हींवर ३०/७० लिहिलेलं असतं. फरक बारीक अक्षरात असतो: आपल्याकडे बाटलीतलं हे इन्सुलिन सहसा एका मिलिलिटरला ४० युनिट असतं, पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. म्हणूनच सुयाही दोन तऱ्हेच्या. लाल टोपणाची ४० वाल्या बाटलीसाठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. लाल टोपणाच्या सुईवर वीसच्या रेघेपर्यंत भरलं की अर्धा मिलिलिटर होतं. बाटलीतून ते वीस युनिट. कार्ट्रिजमधून तेच अर्धा मिलिलिटर पन्नास युनिट.

पेन घरात नव्हतंच. ताईंनी कार्ट्रिजच्या रबरात सुई खुपसून वीसच्या रेघेपर्यंत औषध ओढलं.

बैठकीत मुलाने कॅमेरा बसवला होता. नंतर ते चित्रण त्याने मला दाखवलं. ताई सुई उजेडाकडे धरतात, रेघ बघतात, बुडबुडा काढतात, पुन्हा रेघ बघतात. इतकी काळजी मी शिकलेल्या माणसांतही नेहमी पाहत नाही. मुलगा शेवटी म्हणाला, ‘तिने तर वीसच भरलं.’ कॅमेऱ्याला जे दिसलं ते बरोबरच होतं.

इन्सुलिन सकाळी आठला गेलं. हे इन्सुलिन देऊन अर्ध्या तासात पोटात अन्न जायला हवं. त्या दिवशी चूल पहाटेपासून पेटलेली, पुरण, आंबील, सोळा भाज्या, आणि सगळं सोवळ्यात. नैवेद्य दाखवल्याशिवाय आतून काही बाहेर येणार नव्हतं. ताईंनी दोनदा उंबऱ्याशी उभं राहून गुरुजींच्या खाण्याचं विचारलं. ‘देते की बाई, जरा दम धर’, असं उत्तर मिळालं. इथे काकूंना दोष देण्यात अर्थ नाही. अन्नाची आणि सुईची वेळ बांधलेली आहे, हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. रोज नाश्ता साडेआठला होत होता म्हणून कधी अडलं नव्हतं, इतकंच.

साडेनऊला गुरुजी गप्प झाले. ताईंना वाटलं, डोळा लागला. दहाच्या पुढे काकू नैवेद्याचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. शेजारणीला मारलेली हाक त्या चित्रणात ऐकू येते: ‘निस्ते घामाघूम झालेत गं, उठंना गेलेत!’ जमलेल्या माणसांत कुणी म्हणालं दुसरा झटका आला, कुणी म्हणालं हार्ट. एका जाणत्या माणसाला साखरेचं सुचलं, ते बरोबरही होतं, पण त्याने साखरेचं पाणी बेशुद्ध माणसाच्या तोंडात वाटीने ओतलं. गिळताना ठसका लागणारा माणूस, आडवा झोपलेला. पाणी कुठे गेलं ते छातीच्या एक्स-रेत दिसलं.

रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की ती धोक्याची, हा सर्वमान्य आकडा आहे. शुद्धीत असलेल्या आणि नीट गिळू शकणाऱ्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही नाही. कुशीवर करावं आणि १०८ ला फोन. रुग्णवाहिका आली तेव्हा गुरुजींची साखर ३८ होती. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि ते काही मिनिटांत डोळे उघडून बघू लागले.

इथे गोष्ट संपली असं सगळ्यांना वाटलं. दुपारी घरचे त्यांना परत न्यायला निघाले, घरी सवाष्णी जेवायच्या होत्या. उपजिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सोडलं नाही, भांडण झालं तरी सोडलं नाही. ३०/७० मधला सत्तर टक्के भाग सावकाश चढतो आणि बारा-पंधरा तास काम करत राहतो. संध्याकाळी साखर पुन्हा ५२ वर आली. घरी असते तर ती रात्र अवघड गेली असती. पुढे उजव्या फुप्फुसात संसर्ग निघाला आणि मुक्काम लांबला.

वही

रुग्णालयात अंगावरचे कपडे बदलताना परिचारिकेला माकडहाडावर जखम दिसली. कातडी सोललेली, रुपयाएवढी, दुसऱ्या पायरीची. ती काही एका दिवसात झालेली नव्हती. पण घरी कुणालाच ठाऊक नव्हती. शय्याव्रणाची, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली खूण म्हणजे लाली, असं सगळीकडे सांगतात. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हात लावून बघावं लागतं, जागा आजूबाजूपेक्षा गरम, घट्ट किंवा उलट लिबलिबीत लागते का. मावशी पाठीला रोज स्पिरिट चोळून वर पावडर लावत, दवाखान्यात पाहिलं होतं तसं. स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि हाडावरच्या नाजूक जागेला चोळण्याने इजाच होते. हवेची गादीही होती. लाइट गेली की तिचा पंप बंद, आणि आमच्याकडे लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही. शिवाय गादी आहे म्हणजे कूस बदलायची गरज नाही, असा घरात समज झाला होता.

आता वहीकडे वळते. ब्युरोची छापील वही होती: तारीख, नाडी, रक्तदाब, औषधं, आणि दर दोन तासांनी कूस बदलल्याची बरोबरची खूण. मुलगा रोज रात्री पानाचा फोटो मागवून घेई. मी ती वही मागून घेतली. रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा. सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच हाताच्या झटक्याने, महिनाभर. आणि गुरुजी रुग्णालयात दाखल होते त्या रात्रीच्या रकान्यांतही खुणा होत्या. मावशींनी सुट्टीवर जाण्याआधी तीन दिवसांची पानं भरून ठेवली होती, बदलीच्या ताईंना त्रास नको म्हणून.

लबाडी म्हणाल तर आहे. पण चोवीस तासांची मावशी म्हणजे काय याचा हिशेब मांडला की वेगळं काहीतरी दिसतं. जो माणूस दिवसभर राबतो, त्याने रात्री दर दोन तासांनी उठून साठ-पासष्ट किलोचं शरीर एकट्याने वळवायचं, महिनाभर, सुट्टीविना. हे कुणालाही शक्य नाही. ब्युरोला ठाऊक आहे, घरच्यांनाही मनातून ठाऊक असतं. वही त्या अशक्य गोष्टीची पावती फाडते आणि पुण्यात मुलाला झोप लागते. माझ्या अनुभवात अशा वह्या अपवाद नाहीत. ज्या नोंदीत कधीच काही चुकलेलं, राहिलेलं, उशिरा झालेलं नसतं, ती नोंद मी आता आधी संशयाने बघते.

कायदा शोधायला गेलो तेव्हा

मुलीने तक्रार कुठे करायची म्हणून शोध घेतला. रुग्णालयांना १९४९ चा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे, २०२१ मध्ये त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावण्याची अट आली. तो खाटा असलेल्या जागेला लागू होतो. घरी माणूस पाठवणाऱ्या ब्युरोला तो शिवत नाही; या ब्युरोकडे दाखवायला होता तो शॉप ॲक्टचा दाखला, जो किराणा दुकानालाही मिळतो. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा मुलांनी सांभाळावं यासाठी आहे, प्रांताधिकाऱ्यांपुढे दाद मागता येते, पण तो सेवेच्या दर्जाबद्दल बोलत नाही. घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान निकष आणू पाहणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. ते मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बाद झालं. सत्तर वर्षांवरील सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मान भारतचं पाच लाखांचं छत्र आहे, पण ते दाखल झाल्यावर. घरच्या मावशीचा पगार त्यात बसत नाही.

हाती उरतो तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. पैसे घेऊन दिलेली सेवा सदोष असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येतं. मुलीने पावत्या पाहिल्या तेव्हा त्यांवर ‘सेवा शुल्क’ एवढंच होतं, काय सेवा ते नव्हतं. तिने नाद सोडला. मी तिला जा किंवा नको, काहीच म्हटलं नाही.

काय बदललं

डॉक्टरांनी इन्सुलिन पूर्णपणे पेनवर नेलं. पेनमध्ये आकडा फिरवून लावायचा असतो, ओढण्याचा प्रश्न राहत नाही. त्याच दिवशी घरातल्या लाल टोपणाच्या सगळ्या सुया बाहेर काढल्या. हे महत्त्वाचं: एका घरात एकच पद्धत. पेन महाग पडतं, आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी बाटलीवरच राहावं, फक्त मग पेनची नळी घरात येऊ देऊ नये. दुकानदाराने ‘तेच आहे’ म्हटलं तरी खोक्यावरचा ४० किंवा १०० वाचल्याशिवाय घेऊ नये. पुतण्याच्या मोबाइलमध्ये आता खोक्याचा फोटो आहे, दुकानात तो आधी फोटो पुढे करतो.

पलंगाजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत मराठीत एक कागद आहे. सगळ्यात वर: आधी ताट, मग सुई. खाणं समोर आल्याशिवाय पेन हातात घ्यायचं नाही. काकू सातवी शिकलेल्या आहेत, पेनवरचा आकडा त्या वाचून दाखवतात आणि मगच टोचतात. पहिले काही दिवस त्यांना ओशाळं वाटायचं, ‘मला काय कळतंय त्यातलं?’ आकडा कळतो, तेवढंच लागतं. वापरात असलेलं पेन फ्रीजमध्ये ठेवावं लागत नाही, तीस अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकतं. आमच्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून बैठकीतच ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात पेनाचा डबा असतो. त्यामुळे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याचा प्रश्न औषधापुरता सुटला. बाकीचा मी काढला, काकू ऐकून घेतात आणि विषय बदलतात. मोरी मात्र मोकळी झाली, साबण आणि टॉवेल बैठकीच्या बाजूला आला.

रात्रीच्या कुशीवर बरीच चर्चा झाली. अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्ध-शुश्रूषागृहांत झालेला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. चांगल्या घट्ट फोमच्या गादीवर दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदलण्यात शय्याव्रणांच्या प्रमाणात फरक दिसला नव्हता. गुरुजींना जखम आधीच होती, त्यामुळे ते जसंच्या तसं उचलता येत नव्हतं. पण लाइटवर न चालणारी फोमची गादी घेतली, पाठीवर झोपवणं बंद केलं, आणि रात्री दोनच वेळा, साडेदहा आणि अडीचला, उशा लावून एका कुशीवर थोडंसं कलतं करायचं ठरलं. अडीचला पुतण्या येतो. रोज येत नाही. नाही आला तर वहीत ‘नाही आला’ लिहायचं, ही नवी वहीची एकमेव अट मी घातली. जखम दर आठवड्याला मोजत होतो. दिवाळीपर्यंत भरून आली.

सगळ्यात अवघड गेलं ते बदलीचं. मुलाने लातूरमधल्या ब्युरोंना विचारलं: बदली माणूस आधीच्या माणसासोबत निदान एक वेळचं जेवण, औषध आणि कूस होईपर्यंत थांबेल, असं लिहून द्याल का? दोघांनी सरळ नाही म्हटलं. तिसऱ्याने हो म्हटलं, त्या अर्ध्या दिवसाचे पैसे घरच्यांनी द्यायचे या अटीवर. मुलगा देतो. मावशी तिकडेच लागल्या, पगार थेट त्यांच्या खात्यात जातो आणि आठवड्याची सुट्टी मिळते. वही भरून ठेवल्याबद्दल मुलाचा राग होता, पण मी हिशेब मांडल्यावर त्याने तो विषय वाढवला नाही.

बदलीच्या ताईंशी मात्र कुणी बोललंच नव्हतं. मावशींकडून नंबर घेऊन मी फोन केला. आपण गुरुजींना काय दिलं आणि नेमकं काय चुकलं, हे त्यांना तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं. ‘सुई देता येत नाही म्हणून काढलं’ एवढंच त्यांच्या कानावर होतं. ‘मी तर वीसच दिलं होतं हो’, हे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. सध्या त्या दुसऱ्या ब्युरोकडून ज्या घरी आहेत, तिथे नवरा-बायको दोघांनाही मधुमेह आहे. आजोबांची बाटली आणि आजींच्या पेनची नळी, फ्रीजमध्ये एकाच डब्यात. मी फोटो मागवले, दोन्हींवरचा आकडा कुठे असतो ते गोल करून परत पाठवलं, आणि डबे त्याच दिवशी वेगळे करायला सांगितले. लाल टोपणाच्या सुया फक्त आजोबांच्या डब्यात.